रंधा कुणाच्या हातात?

पोरांच्या हाताला कौशल्य द्या, असं हल्ली जो तो उठतो नि बोलतो. मंत्री बोलतो, हायस्कुलाच्या संमेलनाला आलेला पाहुणा बोलतो, कलमांच्या बागांचा मालक बोलतो. टाळ्या पडतात. टाळ्या थांबल्या की मागच्या रांगेतून एकानं तरी विचारायला पाहिजे, साहेब, कुणाच्या पोरांच्या हाताला? तुमचा पोरगा कुठाय? तो पुण्यात क्लास लावून बसलाय. त्याच्या हाताला काय लकवा भरलाय, की त्याला कौशल्य नको?

मी सुतारकाम शाळेत शिकलो. मालवण किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात, नववी नि दहावी. शाळेचं नाव लिहीत नाही. एका शाळेचा हा मामलाच नाही. नववीत दोन वाटा फुटायच्या. एक संस्कृताची, दुसरी मागच्या शेडमधल्या कार्यशाळेची. मास्तर यादी घेऊन आले. विचारणं वगैरे भानगड नाही. बौद्धवाडीतली आम्ही चार पोरं, दोन गाबितांची, एक चांभाराचा, सगळे शेडमध्ये. भटवाडीतली नि गावकरांची पोरं वर. गंमत म्हणजे गावातल्या सुताराचा पोरगाही शेडमध्ये नव्हता. त्याच्या बापानं हातापाया पडून त्याला वरच्या वर्गात घुसवला होता. वासे तासून तासून पाठ मोडलेला माणूस तो. रंध्यानं काय मिळतं हे मास्तरांपेक्षा त्याला जास्त ठाऊक.

माझा बापूस शाळेत गेला. म्हणाला, "गुरुजी, ह्याका संस्कृत कित्याक नाय?" गुरुजी मायेनं म्हणाले, "अरे, तुझ्या झिलाचो हात बरो आसा. उद्याक पोट तरी भरतलो."

हात बरो! तोवर मी हातात करवत धरलेली नव्हती. गुरुजींनी बघितलं होतं ते माझं आडनाव.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सुतारकाम हलकं का? मुळीच नाही. ते किती भारी आहे हे शेडमध्येच कळलं, म्हणून तर राग येतो. दाराची चौकट करायची तर कोन काटकोनात पाहिजेत. लहान कामाला गुण्या लावला की भागतं. मोठ्या चौकटीला गुण्या पुरत नाही. मग एका बाजूवर ३ फूट मोजायचे, दुसरीवर ४, नि तिरपं अंतर बरोबर ५ आलं पाहिजे. चौकट पुरी झाली की दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे निघाले तर काम बरोबर, नाहीतर ठोका परत. छपराचा वासा किती लांब कापायचा? घराची अर्धी रुंदी नि आढ्याची उंची कळली की वाशाची लांबी हिशेबानं निघते. आमच्याकडं पाऊस कोसळतो, म्हणून छप्पर चांगलं उतरतं ठेवतात. उतार बदलला की अख्खा हिशेब बदलला. लाकूड ओल धरतं तेव्हा शिरांच्या आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाहीच. जूनमध्ये दार अडकतं ते त्यापायी. फळी कुठल्या बाजूनं कापायची, खाचेत कुसू किती घट्ट बसवायचं, हे सगळं त्यावर ठरतं. हे भौतिकशास्त्र नाही तर काय आहे?

पण आम्हाला तसं कुणी सांगितलं नाही. सकाळी गणिताच्या तासाला पायथागोरसचं प्रमेय फळ्यावर, पाठ करा नि लिहा. दुपारी शेडमध्ये ३, ४, ५. गणिताचे मास्तर शेडमध्ये कधी उतरले नाहीत नि सुतारकामाचे सर वर चढले नाहीत. दोन्ही एकच आहे हे दोघांपैकी एकानंही तोंडातून काढलं नाही. संस्कृतवाल्या पोरांना प्रमेय मिळालं, लाकूड नाही. आम्हाला लाकूड मिळालं, नि प्रमेय परीक्षेपुरतं. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेची चिरफाड करताना कामाची वाटणी वेगळी नि काम करणाऱ्यांची वाटणी वेगळी, हे उलगडून ठेवलंय. आमच्या शाळेत तो धडा जिन्यावर दिसायचा. कोण चढतो, कोण उतरतो, बघा.

शेडमध्ये तरी सगळे सारखे होते का? नाव नको. गणपतीच्या पाटाची गोष्ट ऐका. आमच्याकडं नागपंचमीच्या सुमाराला घरोघरचा पाट चित्रशाळेत जातो, त्यावर मूर्ती घडते. शाळेत फणसाच्या लाकडाचे पाट व्हायचे नि गावात स्वस्तात खपायचे. सर माणूस वाईट नव्हते. हळूच म्हणाले, "तुमी स्टुलां करा रे. पाट ते करतीत." ते म्हणजे गाबितांची पोरं. कारण विचारायची गरज नव्हती, आम्हाला कळलं, त्यांना कळलं, आणि फणसाच्या झाडाला तेवढं कळलं नाही. आम्ही बुद्धाला मानणारे, आम्हाला गणपतीच्या पाटाचं कौतुक नाही. पण आमचा हात लागला म्हणून देव बाटतो, आणि आमच्या स्टुलावर हेडमास्तर दोन वर्षं आरामात टेकले, त्यांना काही झालं नाही!

हा डाव जुना आहे, दोस्तांनो. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली. हस्तोद्योगातून शिक्षण, पोरांनी केलेल्या मालातून मास्तराचा पगार निघावा असा हिशेब. हातातून शिकायचं, ही कल्पना चांगलीच. पण मांडणारा माणूस त्याच काळात वडिलोपार्जित धंदा हाच वर्णधर्म असंही लिहीत होता. मग महाराच्या पोराच्या हातात काय येणार होतं? मद्रासेत राजगोपालाचारींनी १९५३ साली पडदाच काढला. शाळा थोडे तास, उरलेला वेळ पोरानं बापाच्या धंद्यात घालवायचा. पेरियारांच्या लोकांनी रस्ता डोक्यावर घेतला, १९५४ साली योजना गुंडाळावी लागली.

आमच्या सिंधुदुर्गात अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मला भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी उपास केला. १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला, मेलेली ढोरं सोलली, संडासाचं काम केलं. त्या माणसाची टिंगल मी करणार नाही. पण १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितलं, मेलेलं ढोर ओढायचं बंद करा. पटवर्धनांना ते काम कधीही टाकून घरी जाता येत होतं. आमच्या आज्याला येत नव्हतं.

आणि बाबासाहेब काय यंत्राच्या, हाताच्या कामाच्या विरोधात होते? १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य पोरांसाठी विज्ञान नि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत नि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्या म्हणून मागितलं. बघा, मागणी कशाची आहे ती. जे काम गावगाड्यात नव्हतं त्याची! ज्याला जात चिकटलेली नाही, ज्यात पगार आहे, बढती आहे, युनियन आहे.

आता २०२३ सालची पंतप्रधान विश्वकर्मा योजना घ्या. १८ धंदे. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, धोबी, टोपल्या नि झाडू करणारे. यादी वाचताना बलुतेदारांची जुनी वही उघडल्यासारखं वाटतं. हत्यारांना १५,००० रुपये, कर्ज आधी १ लाख, मग २ लाख, व्याज ५ टक्के. पैसे घ्या, जरूर घ्या, ते आपल्याच घामाचे आहेत. माझी आजी बांबूच्या रोवळ्या नि सुपं विणायची, तिला असं कर्ज मिळालं असतं तर सावकाराच्या पायरीवर बसावं लागलं नसतं. पण घराण्यातला धंदा, गुरू-शिष्य परंपरा, ही भाषा कुठली आहे ते ओळखा. पूर्वी अंगठा कापून मागायचे. आता म्हणतात अंगठा ठेव, डोकं तेवढं आमच्याकडं दे.

२०२० सालच्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना सुताराकडं, माळ्याकडं, कुंभाराकडं पाठवायचं ठरलंय. वरच्या पोरांची ती सहल. दहा दिवसांनी ती परत क्लासला. खालच्या पोराला मास्तर म्हणणार, तू इथंच रमतोस रे. पुढं आयटीआयला जा, तिथंही पायऱ्या आहेतच. सुतारकामाला आठवी पास चालतो, एक वर्षात बाहेर. इलेक्ट्रिशियनला दहावी, तीही विज्ञान-गणितासकट, दोन वर्षं. सुताराला गणित लागत नाही, हे कुणी ठरवलं? ज्यानं आयुष्यात एक वासा कापला नाही त्यानं.

आपल्यातलेही काही पांढरपेशे झालेले भाऊ म्हणतात, आपण हत्यार कशाला धरायचं, आपण साहेब व्हायचं. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. साहेबाच्या खुर्चीचा पाय डगमगला तर तो बाजूच्याला हाक मारतो. ही पांगळी साहेबी आपल्याला कशाला? पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून डॉ. कलबागांनी हेच दाखवलं, की लाकूड, लोखंड, वीज, शेती यांतून विज्ञान शिकता येतं. तसं शिकवा, पण अख्ख्या वर्गाला शिकवा. भटजींच्या पोरापासून तलाठ्याच्या पोरीपर्यंत सगळ्यांना नववी-दहावी पटाशी धरायला लावा, शेडमध्ये गणिताच्या मास्तराला उभा करा, नि त्याचे गुण अकरावी सायन्सच्या प्रवेशाला धरा. पोरांनी केलेला माल विकला तर पैसे पोरांच्या नावावर जमा करा. बघू या, किती पालक मोर्चा काढतात.

मे महिन्यात मुंबईहून गावाला जाल तेव्हा जत्रेबरोबर हायस्कुलातही जा. नववीत कुणी कुठला विषय घेतला त्याची यादी मागा. फॉर्मवर सही कुणाची आहे ते बघा. बापाची किंवा आईची नसली, तर तिथंच बसकण मारा नि तसं लेखी घेतल्याशिवाय उठू नका.