घरीं, घरांत, घरावर

बँकेच्या नोकरीकरितां इंग्रजीची परीक्षा द्यावी, म्हणून आमच्या धाकट्या सूनबाई गेले कांहीं दिवस चित्रवर्णनाचा सराव करीत आहेत. त्यांचें शिक्षण मराठी शाळेंत झालेलें. 'बोटांत अंगठी' याचें भाषांतर करतांना त्यांनीं 'इन' घातलें, आणि 'झाडावर पक्षी' येथें 'ऑन'. इंग्रजी शाळेंत जाणारे आमच्या थोरल्याचे चिरंजीव तें वाचून मोठ्यानें हंसले. सूनबाईंनीं वही मिटली, ती दोन दिवस उघडली नाहीं. आम्ही नातवास चुकीचें कारण विचारलें, तेव्हां त्यालाहि तें सांगतां येईना!

कारण असें आहे. संस्कृतांत चटईवर बसलेला मनुष्य आणि तिळांतील तेल, दोहोंचें काम एकच सप्तमी भागविते. तरी आपल्या वैयाकरणांनीं त्या आधाराचे औपश्लेषिक, अभिव्यापक व वैषयिक असे तीन प्रकार ओळखले होतेच. इंग्रजी भाषा स्थळाचे भेद निरनिराळ्या शब्दांनीं दाखविते, आणि ते शब्द नामाच्या आधीं ठेविते. स्थळ हा केवळ खुणेचा बिंदु मानला, तर 'अ‍ॅट'; पृष्ठभागाला स्पर्श असेल, तर 'ऑन'; सभोंवार वेढा असेल, तर 'इन'.

म्हणून 'ऑन' म्हणजे नेहमींच 'वर' नव्हे. छताला खालून टांगलेला पंखाहि 'ऑन'च. अंगठी बोटाला बाहेरून लागून असते, म्हणून तेथेंहि 'ऑन'. पक्षी पानाफांद्यांनीं वेढलेला, म्हणून झाडाला 'इन'. पण एकाच फांदीवर बसलेला दाखवावयाचा, तर 'ऑन'.

हें आपणांस परकें आहे काय? मुळींच नाहीं. 'घरीं' म्हणजे 'अ‍ॅट होम', 'घरांत' म्हणजे 'इन द हाउस', आणि कौलांवर चढलेलें मांजर 'घरावर'. गाडी पुण्याला थांबते, मावशी पुण्यांत राहते. हा विवेक आपण बाळपणापासून करीतच आलों आहों.

कांहीं ठिकाणीं मात्र रूढीच प्रमाण. मोटारीला 'इन', तर बसला 'ऑन'. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांसाठीं इंग्लंडांत बहुधा 'इन', अमेरिकेंत 'ऑन'. अशीं उदाहरणें पाठच करावीं. एरवीं प्रत्ययाचें भाषांतर करूं नये. बिंदु, स्पर्श कीं वेढा, तें आधीं मनाशीं पाहावें आणि मग शब्द घ्यावा.

परवां वही पुन्हा उघडली. नातवानें विचारलें, "काकू, भिंतीवर पाल असली, तर?" "स्पर्श आहे ना? मग 'ऑन'," सूनबाई म्हणाल्या. परीक्षेचा निकाल लागेल तेव्हां लागो. घरांत कोणी नवें शिकत असेल, तर त्याच्या चुकीस हंसण्यापूर्वीं तिचें कारण आपणांस ठाऊक आहे काय, एवढें वाचकांनीं स्वतःस विचारावें, ही आमची विनंति.