ठिपके घटले, धूर तसाच

आग शोधणारे उपग्रह पंजाबवरून साधारण दुपारी दीडच्या सुमारास जातात. खाली शेत पेटलेले असले तर त्यांना उष्णता कळते आणि नकाशावर लाल ठिपका उमटतो. भाताचे खुंट, म्हणजे पराली, किती जाळली याची सरकारी मोजदाद म्हणजे या ठिपक्यांची बेरीज. २०२३ साली पंजाबात ती ३६ हजारांवर होती, २०२४ साली ११ हजारांच्या आत आली. केवढा पराक्रम!

पण धुराने ही बेरीज मानली नाही. हवेतल्या कणांचा थर उपग्रहांना वेगळा मोजता येतो, आणि तो ठिपक्यांच्या प्रमाणात विरळ झालेला दिसेना. आग नाही तर धूर कुठून? नासात काम करणारे हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रे तपासली. हा उपग्रह एका जागी राहून दर दहा मिनिटांनी चित्र घेतो. त्यात दिसले ते असे, की शेते पेटतच होती, फक्त दीडचा पाहुणा निघून गेल्यावर, दुपार कलताना.

याला मी चोरी म्हणेन. पण ती एकट्या शेतकऱ्याची नाही. पाणी वाचावे म्हणून २००९च्या कायद्याने पंजाबात भाताची लावणी पुढे ढकलली. कापणी लांबली आणि गव्हाच्या पेरणीआधी हाती राहिले जेमतेम दोन-तीन आठवडे. यंत्र दाणे नेते, खुंट उभे ठेवते. मुळात त्या कोरड्या मुलखात एवढा भात पिकवायला लावला कोणी? हमीभावाने, फुकटच्या विजेने आणि स्वस्त तांदूळ हवा असलेल्या आपण सगळ्यांनी. दंड मात्र काडी ओढणाऱ्याला आणि लाल शेराही त्याच्याच जमिनीच्या नोंदीवर. धोरण आखणाऱ्याच्या टेबलावर ठिपका उमटत नाही, तेवढे उष्ण ते नसते.

नोव्हेंबरात वारा मंदावतो, थंड हवा जमिनीलगत बसते आणि उत्तरेला हिमालयाची भिंत. मग तो राखाडी पट्टा पंजाबातून दिल्लीवर आणि पुढे गंगेच्या खोऱ्यात पसरलेला अवकाशातून स्पष्ट दिसतो. ऐपत असलेला खिडक्या लावून हवा गाळणारे यंत्र सुरू करतो. रात्रपाळीचा पहारेकरी काय करील? आणि ज्या गावात पराली पेटली, तिथल्या पोराच्या छातीत तो धूर दिल्लीकराच्या आधी शिरतो, याची चर्चा कुठल्या वाहिनीवर झाली?

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या मराठी वाचका, जरा घरात ये. ऊस तुटला की खोडव्याला पाणी देण्याआधी पाचट पेटवून देणे, ही आपली रीत. काही ठिकाणी तोडणी लवकर उरकावी म्हणून उभा फडच पेटतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. कुट्टी करून सरीत पसरले तर ओल धरते, कुजून खत होते. कृषी विद्यापीठांनी हे सांगून घसा कोरडा केला. आपण काय केले? खत जाळले आणि खताच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिलो. डोंगर पेटवला की पुढच्या साली गवत जोमाने येते, ही समजूतही अजून माळावर जिवंत आहे. तो वणवा कोवळी रोपे आणि जमिनीवरची घरटी दोन्ही खातो.

पंजाबचा शेतकरी निदान उपग्रहाला घाबरून वेळ बदलतो. आपल्याला तेवढीही गरज पडत नाही, कारण आपले ठिपके मोजून कोणी गदारोळ करीत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचा आगीचा नकाशा उघडून पाहावा. कुठला ठिपका कोणाच्या फडाचा हे गावात सर्वांना ठाऊक असते. ग्रामसभेत ते नाव घ्यायला मात्र एकही माणूस उठत नाही.