वरातीमागून घोडं

जानेवारी २०२२ मध्ये अमरावतीच्या राजापेठ उड्डाणपुलावर रातोरात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. परवानगी नव्हती. काही दिवसांतच महापालिकेने पोलिसांच्या बंदोबस्तात तो उतरवला आणि फेब्रुवारीत आयुक्तांच्या अंगावर शाई पडली. त्या सबंध गदारोळात मूर्तिकार कोण, हा प्रश्न मी एकाच्याही तोंडून ऐकला नाही.

आमच्या वऱ्हाडात, अमरावती घ्या की अकोला, पुतळा म्हणजे शिल्प नव्हेच. तो चौकाचा सात-बारा. ज्याने बसवला त्याची जागा! मग घोडा फायबरचा का असेना, सोनेरी रंग फासला की झालं. १९२८ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या अश्वारूढ शिवरायांसाठी नानासाहेब करमरकरांनी जीव ओतला. माझगाव गोदीत ब्राँझ ओतून घेतलं. आमच्याकडे नेत्याचं नाव फलकावर हातभर आणि शिल्पकाराचं शोधूनही सापडत नाही. दोन पायांवर उठलेल्या घोड्याचा तोल कशावर पेलायचा, बहुतेकदा शेपटीचा तिसरा आधार का घ्यावा लागतो, हे वर्गणीवाल्यांना विचारून पाहा. मालवणचा ३५ फुटी पुतळा तर घोड्यावरही नव्हता. नऊ महिने व्हायच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला.

आता जरा दूरचं, पण आपलंच. २९ नोव्हेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज हरवली. १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. ग्लासगोत आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोर त्याचा मारोकेट्टीने घडवलेला १८४४ चा अश्वारूढ पुतळा आहे, आणि गेली चाळीसेक वर्षं लोक त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी शंकू चढवतात. काढला की पुन्हा चढतो. २०१३ मध्ये तिथल्या नगर परिषदेने चौथराच उंच करायचा घाट घातला. लोक खवळले, परिषद मुकाट मागे फिरली. गाविलगड जिंकणाऱ्याला त्याच्याच देशाने टोपी घातली!

लगेच दगड शोधू नका. महाराजांशी असलं काही करा, असं मी म्हणत नाही. जिथे श्रद्धा आहे तिथे थट्टा नको. पण नवी नजर म्हणजे थट्टाच, हे कुणी ठरवलं? मुंबईच्या काळा घोडा चौकातला इंग्रज राजा सातवा एडवर्ड १९६५ मध्ये घोड्यासकट राणीबागेत गेला. २०१७ मध्ये त्या चौकात श्रीहरी भोसले यांनी घडवलेला घोडा परत आला, पाठीवर स्वार न घेता. कुणाची सत्ता नाही, नुसता घोडा. एवढी मोकळीक आमच्या शिल्पकाराला कोण देतो? नुसता खराटा आणि गाडगं ठेवून गाडगेबाबा उभे करतो म्हणणाऱ्या पोराला आमची समिती दारातूनच परत पाठवील, कारण त्यात हार घालायला गळा नाही.

कला संचालनालयाकडून मातीचं प्रारूप मंजूर करून घ्यायचं असतं, हा नियम कागदावर आहे. तेव्हा पुढच्या वेळी पुतळ्याची वर्गणी मागायला पावतीपुस्तक दारात आलं, की शिल्पकाराचं नाव विचारा, मातीचं प्रारूप दाखवा म्हणा, पाया कोणत्या अभियंत्याने तपासला तेही विचारा. उत्तर नसेल तर वर्गणी देऊ नका.