शरद म्हणजे ‘फॉल’ नव्हे, बॉस!

सप्टेंबर संपत आला की मॉलच्या काचेत ‘ऑटम कलेक्शन’ झळकतं. ब्राउन जॅकेट, मस्टर्ड स्कार्फ, शेजारी प्लास्टिकची मेपलची पानं. एकदम ‘ऑटम्नल’ लुक! आणि बाहेर? घामाच्या धारा.

या ‘ऑटम्नल’ला मराठीत काय म्हणायचं? डिक्शनरी सांगते, शारदीय. तारखा बऱ्यापैकी जुळतात. आश्विन-कार्तिक हे शरदाचे महिने, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. लोचा आहे तो चित्राचा. अमेरिकन ‘फॉल’ हा ‘फॉल ऑफ द लीफ’चा शॉर्टफॉर्म. तिथे या दिवसांत पानं गळतात. आपल्याकडे? पावसाने धुतलेली झाडं मस्त हिरवीगार असतात! आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. तेव्हा पळस सगळी पानं टाकून केशरी फुलतो. आपण मात्र गाडीच्या काचेवरचा पाचोळा झटकतो आणि चिडतो.

मग शारदीय म्हणजे नक्की काय? पावसाने एक्झिट घेतली आणि आभाळ निवळलं, की जे जे अनुभवाला येतं ते सगळं. शारदीय नवरात्र, शारदीय चांदणं, कोजागरीचं मसाला दूध. कोकणात तीच नवान्न पौर्णिमा, नव्या भाताची. गंमत बघा, ‘ऑटम’ रुळण्याआधी इंग्रज या ऋतूला ‘हार्वेस्ट’ म्हणायचे. म्हणजे सुगी! तो शब्द आपल्या शरदाच्या जास्त जवळचा. गळण्याचा नाही, घरात धान्य येण्याचा ऋतू.

आणि ज्या ऑक्टोबर हीटला आपण शिव्या घालतो, तीही शारदीयच. ढग गेल्याने ऊन थेट, जमिनीत अजून ओल, म्हणून ती चिकचिक. आयुर्वेद सांगतो, या दिवसांत पित्त भडकतं. संस्कृतात तर गमतीने शरदाला वैद्यांची आई म्हटलंय. तीच त्यांचं पोट भरते ना!

तेव्हा हा नुसता शब्दाला शब्दाचा प्रश्न नाही. शब्दाबरोबर परक्या गावाचं चित्र आलं, की आपल्या खिडकीबाहेरचं दिसेनासं होतं. एकाच टेंपरेचरच्या एसीत बारा महिने बसणाऱ्या आपल्याला ऋतू कळायचा उरलेला मार्ग म्हणजे त्याचं नाव. तेही चुकीचं लावलं तर संपलंच. संस्कृतात शरद म्हणजे चक्क वर्ष. शंभर शरद जगा, हा शंभर वर्षांचा आशीर्वाद. आयुष्य मोजायला निवडलेला ऋतू आपण डेडलाइन मोजण्यात घालवतो.

जॅकेट घ्या हो, सेल असेल तर घ्याच. डिसेंबरात पुण्या-नाशकात उपयोगी पडेल. पण या कोजागरीला लॅपटॉप जरा लवकर बंद करा आणि बिल्डिंगच्या गच्चीवर जा. शारदीय या शब्दाचा अर्थ तिथे फुकटात मिळतो.