कुलूप आणि तार

गेल्या उन्हाळ्यात धाराशिवच्या आठवडी बाजारातून आम्ही किल्ल्या हरवलेली चार कुलपं आणली. घरात हसं झालं. धाकट्यानं मात्र छत्रीची काडी घासून आकडी केली, सायकलचा स्पोक ठोकून चपटा केला आणि आम्ही बापलेक ओसरीवर बसलो.

पिनांच्या कुलपात स्प्रिंगच्या दाबाखाली बारीक पिना असतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची. किल्लीचे दाते त्या नेमक्या उंचीला नेतात, तेव्हाच आतला गोल गाभा फिरतो. तार वापरणाऱ्यानं चपट्या पट्टीनं गाभ्यावर हलका ताण ठेवायचा आणि आकडीनं एकेक पिन सारायची. बसली की बोटाला कळतं. ताण वाढला की सगळं अडतं. आमचं तेच व्हायचं. पोराचा हात हलका. तिसऱ्या संध्याकाळी कडी सुटली आणि तो अंगणभर नाचला!

१८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कारागिरानं ब्रामांचं नावाजलेलं कुलूप असंच उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. त्याला बक्षीस मिळालं.

आमच्या पोराला काय मिळालं? गल्लीतले एक गृहस्थ तार पाहून म्हणाले, "चोरीचे धडे देता काय?" दुसऱ्या आळीत हीच हुशारी ठरली असती. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला, नजर राहिली. पोरगं दोन दिवस गप्प होतं.

आम्ही त्याला एवढंच बजावलं, कुलूप स्वतःचं हवं, आणि दाराला लावलेलं कधीच नको. तार पुन्हा त्याच्या हाती दिली. दुसरं कुलूप लिव्हरचं निघालं. ते अजून उघडलेलं नाही.