प्याद्याचा मोह

गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत मी भाग घेतला आणि दुसऱ्याच फेरीत, अवघ्या १७ चालींत, हरले. समोर तेरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता. त्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला जेमतेम टेकत होते. हरण्याचे दुःख वाटू नये इतकी मी स्थितप्रज्ञ नाही. परंतु त्याहून अधिक बोचले ते हे, की माझे नेमके कोठे चुकले हे मला पटावर बसल्या बसल्या कळलेच नाही. मी केलेली प्रत्येक चाल मला त्या वेळी योग्य, किंबहुना अपरिहार्य वाटली होती.

बुद्धिबळ मी आजोबांकडून शिकले, आणि तेही देशी पद्धतीने. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असते. सैन्याची मांडणी सावकाश होते, चहाचे दोन पेले रिकामे झाल्यावर पहिली चकमक झडते. आंतरराष्ट्रीय नियम मी पुढे महाविद्यालयात आत्मसात केले खरे, तथापि मनाची चाल देशीच राहिली. पहिल्या दहा चालींत कोणी अंगावर धावून येईल, ही कल्पनाच मला अशिष्ट वाटे.

तो मुलगा पाचव्या-सहाव्या चालीलाच अंगावर आला. ज्या वाचकांना खेळ ठाऊक आहे त्यांच्यासाठी तो प्रकार सांगते. इतरांनी दोन परिच्छेद ओलांडले तरी रागावणार नाही. दोन्ही राजांपुढील प्यादी दोन दोन घरे पुढे आली. पांढऱ्याने राजाच्या बाजूचा घोडा काढला, मी वजिराच्या बाजूचा. त्याने उंट काढून माझ्या राजाच्या रोखाने उभा केला, मी दुसरा घोडा काढला. येथवर सारे सभ्य होते. चौथ्या चालीला त्याच्या घोड्याने पुन्हा उडी घेतली आणि तो मध्यरेषा ओलांडून माझ्या बाजूस आला. राजाच्या उंटापुढे जे प्यादे असते, त्याला आरंभी राजावाचून दुसरा राखणदार नसतो. त्याच्या घोड्याची आणि उंटाची नजर नेमकी त्या प्याद्यावर होती. उंटाची वाट अडवण्यासाठी मी वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकवले. त्याने ते आपल्या प्याद्याने मारले. मी माझ्या घोड्याने त्याचे ते प्यादे मारले. हिशेब चुकता झाला, असे मला वाटले.

त्यानंतर त्याने आपला घोडा त्या कच्च्या प्याद्यावर चक्क फेकला. वजीर आणि हत्ती दोन्ही एकाच वेळी धोक्यात आले, तेव्हा राजाने तो घोडा मारणे भागच होते. लगेच त्याच्या वजिराचा शह आला, आणि त्याच चालीत माझ्या मधल्या घोड्यावर मारा झाला. घोडा राखायचा तर राजाने स्वतःच पटाच्या मध्याकडे चालत जायचे! भर बाजारात राजा उघडा पडल्यावर पुढे काय झाले ते सांगण्यात अर्थ नाही.

या हल्ल्याला इटालियन भाषेत ‘फेगातेल्लो’ म्हणतात, म्हणजे कलेजीचा एक पदार्थ. इंग्रजीत त्याची ‘तळलेली कलेजी’ झाली. अनुवादाचा व्यवसाय असल्याने या नावाशी मी बराच वेळ झटले, पण त्या दिवशीच्या माझ्या अवस्थेला मूळ शब्दच पुरेसा होता.

डाव संपल्यावर त्या मुलाने सोंगट्या मागे नेल्या आणि हिंदीत म्हणाला, “आंटी, इथे घोड्याने मारू नका. दुसरा घोडा कडेला न्या, उंटावर. असं कोणी खेळलं की पुढे काय करायचं ते मला नीट येत नाही.” स्वतःच्या शस्त्राचा बोथट भाग प्रतिस्पर्ध्याला दाखवण्याचे हे औदार्य मोठ्यांमध्ये मला क्वचितच आढळले आहे.

घरी येऊन पुस्तके काढली. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास इटलीत पोलेरियो नावाचा खेळाडू होऊन गेला. हा हल्ला त्याच्या नावाशी निगडित आहे, आणि गंमत अशी की घोडा कडेला नेण्याचा जो बचाव, तोही त्याच्याच नावाने ओळखतात. विष आणि उतारा एकाच वैद्याच्या कपाटात. घोडा कडेला जाऊन उंटाला हुसकावतो. उंट शह देतो, काळा प्यादे पुढे करून तो अडवतो, मारामारी होते, आणि अखेर पांढऱ्यापाशी एक प्यादे जास्त उरते. परंतु त्याच्या उंटाला माघार घ्यावी लागते, घोड्याला हाकलता येते, आणि तेवढ्या अवधीत काळ्याचे सैन्य बाहेर पडते. पांढऱ्याच्या त्या चौथ्या चालीला टाराश या जर्मन पंडिताने नवख्याची चाल म्हणून हिणवले होते. तरी १८९०-९१ मध्ये जगज्जेता स्टाइनिट्झ आणि पीटर्सबर्गचा चिगोरिन यांनी तारेने चाली कळवून जे दोन डाव खेळले, त्यांतील एकात स्टाइनिट्झने हाच मार्ग धरला. हाकललेला घोडा त्याने पटाच्या अगदी कडेला नेऊन ठेवला. तो दोन्ही डाव हरला. पण १९६३ मध्ये फिशरने घोड्याची तीच तिरपागडी चाल उचलली आणि बिसग्वायरला हरवले. तेव्हा पंडितांचा निकाल कायमचा असतोच असे नाही.

एवढे ज्ञान मिळाल्यावर मी कार्यालयातील एका सहकाऱ्याशी मधल्या सुट्टीत हाच आरंभ खेळू लागले आणि ओळीने तीन डाव हरले. चाल बरोबर होती. मन जुनेच होते. ते एक प्यादे कमी असल्याची टोचणी मला बसू देईना. संधी दिसताच मी ते परत मिळवण्यासाठी धावे, एकदा तर त्यापायी वजीर अडकवून बसले. संगणकाला विचारावे तर तो सांगतो, डाव जवळजवळ समतोल आहे. पण एक प्यादे कमी असताना शांत कसे बसावे, हे त्याच्या आकड्यात नसते. अनुवाद करतानाही माझे हेच होते. समोर शब्द आला की हाताशी असलेला प्रतिशब्द ठेवून मी हिशेब मिटवते, आणि मग पुढचे सारे वाक्य त्या घाईची किंमत मोजत राहते.

वैशाखात पुन्हा स्पर्धा झाली. तिसऱ्या फेरीत बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी माझ्यासमोर तीच घोड्याची उडी घेतली. छातीत धडधडले, हे कबूल करते. मी घोडा कडेला नेला, प्यादे जाऊ दिले, आणि घड्याळाकडे न बघता हात मांडीवर ठेवून बसले. विसाव्या चालीपर्यंत त्या प्याद्याकडे पाहायचे नाही असा मनाशी करार केला होता; तो चोविसाव्या चालीपर्यंत टिकला. ४१ व्या चालीला बरोबरी झाली. जिंकण्याची एक वाट होती असे नंतर दिसले, पण त्याची मला खंत वाटली नाही.

उठताना पाहिले, तर तो मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा होता. वर्षभरात चांगलाच उंच झालेला. त्याने चालींची नोंद मागितली. “कडेचा घोडा,” तो म्हणाला, “यानंतर मी काय करायला हवं ते शोधायचं आहे.” मी कागद त्याच्या हाती दिला.