विरामचिन्हें पुसतांना

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी हल्लीं पायथन नांवाची संगणकाची भाषा शिकूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. एखाद्या उताऱ्यांत कोणता शब्द किती वेळां आला हें मोजावयास सांगितलें, म्हणजे ते प्रथम विरामचिन्हें काढून टाकतात. तें योग्यच आहे. कारण नुसता ‘देव’, स्वल्पविराम लागलेला ‘देव’ व पूर्णविराम लागलेला ‘देव’ हे यंत्रास तीन निरनिराळे शब्द वाटतात.

परंतु हीं चिन्हें काढण्याची जी रीति मुलें एकमेकांच्या वहींतून उतरून घेतात, तिजविषयीं आमची तक्रार आहे. ‘अक्षर, अंक व मोकळी जागा यांखेरीज जें असेल तें पुसून टाक,’ अशा अर्थाची ती आज्ञा असते. इंग्रजीस ती बहुतेक चालते. मराठींत मात्र अनर्थ होतो. पायथनच्या नेहमींच्या शोधसाधनास ‘क’ हें अक्षर वाटतें. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, इतकेंच काय, जोडाक्षरांतील हलन्ताचें चिन्हही अक्षर वाटत नाहीं. दान, दिन, दीन व दैना या चारींचें ‘दन’ एवढेंच उरतें! याहून वाईट म्हणजे ‘प्रीति’चें ‘परत’ होतें व ‘शांति’चें ‘शत’. हे खरेच शब्द असल्यामुळें कोणास संशयही येत नाहीं, आणि मोजणी बिनबोभाट चुकते.

पायथनबरोबर ३२ चिन्हांची तयार यादीही मिळते. ती मात्रांस धक्का लावीत नाहीं. पण तींत पद्यांतील दंड नाहीं, छापील पुस्तकांतील वळणदार अवतरणचिन्हें नाहींत. सरळ मार्ग निराळाच आहे. युनिकोडमध्यें प्रत्येक चिन्हाचा वर्ग ठरलेला असून, पायथनमधील ‘युनिकोडडेटा’ हें साधन तो सांगतें. ‘पी’नें आरंभ होणाऱ्या वर्गांतील तेवढीं चिन्हें काढावीं, मात्रांचा वर्ग ‘एम’चा, त्यांस हात लावूं नये. शिवाय काढलेल्या चिन्हाच्या जागीं मोकळी जागा सोडावी, नाहींतर दोन शब्द एकमेकांस चिकटतात.

मूळ मजकूर निराळा जपून ठेवावा, हेंही आमचें आग्रहाचें मत आहे. मराठींत हीं चिन्हें रूढ करण्यासाठीं मेजर थॉमस कँडी यांनीं १८५० च्या सुमारास मोठे श्रम घेतले, ते व्यर्थ नव्हते. ‘गुरुजी आले.’ व ‘गुरुजी आले?’ यांतील भेद त्या एका चिन्हांतच आहे.

ज्या पालकांस हें सारें अतिशयोक्तीचें वाटेल, त्यांनीं घरीं मुलास त्याचें स्वतःचें नांव त्या उतरून घेतलेल्या रीतींतून काढावयास सांगावें.